वालांवर आलेला आळ

"वालांनीच घात केला गं. दिवसभराचा उपास, आणि संध्याकाळी पोटात ते वाल. ताईंना कळायला नको?"

आई फोनवर मावशीशी बोलत होती. मी डोळे मिटून पडले होते, म्हणून तिला वाटलं मी झोपलेय. डाव्या हाताला सलाईन होतं. पलंगाभोवतीचा हिरवा पडदा जमिनीपासून वीतभर वर थांबायचा, आणि त्या फटीतून बाहेरची फरशी दिसायची. हॉस्पिटलातल्या दोन दिवसांत मी माणसांना पावलांवरून ओळखायला शिकले होते. पांढरे कॅनव्हासचे बूट म्हणजे सिस्टर. निळ्या स्लिपर म्हणजे सफाईच्या मावशी.

आत्ता तिथे तपकिरी चपला होत्या. उजव्या पायाचा अंगठा किंचित आत वळलेला. कुमुदआत्या.

"तोंडावर कोण बोलणार त्यांना," आई म्हणत होती. "पण जन्मभर वाल सोललेत त्यांनी. किती जड असतात हे मी सांगायचं का?"

कापडी पिशवीचा तळ फटीत दिसला, फरशीला टेकला आणि पुन्हा वर गेला. चपला थोडा वेळ तशाच राहिल्या. मग वळल्या.

आई चुकतेय हे मला माहीत होतं. ते एकट्या मलाच माहीत होतं. "आत्या" एवढी दोन अक्षरं म्हणायची होती. मी डोळे पुन्हा मिटून घेतले.

*

कुमुदआत्या बाबांची थोरली बहीण. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणते, दोरीवरचे कपडे काढायचे राहून गेल्यासारखं. मुलुंड पूर्वेला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आजोबांनी घेतलेल्या वन-रूम-किचनमध्ये ती एकटी राहते. आमचं मूळ गाव रोह्याच्या बाजूला. तिथले कडवे वाल दरवर्षी होळीच्या सुमारास पोत्यातून येतात, आणि ते भिजवून, मोड आणून, सोलून विकणं हा आत्याचा उद्योग. बाजारातल्या एका दुकानात तिची पाकिटं असायची. त्यांवर नाव नव्हतं, नुसतं "घरगुती सोललेले वाल". पण गिऱ्हाइकं "कुमुदताईंचे आले का" असंच विचारायची.

आई बँकेत होती, ती सहाला यायची. म्हणून पहिलीपासून सातवीपर्यंतच्या माझ्या सगळ्या दुपारी आत्याकडे गेल्या. कॉन्व्हेंटचा पिनाफोर घालून मी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसायची. समोर पातेल्यात कोमट पाणी, पाण्यात मोड आलेले वाल. वाल चिमटीत धरायचा, मागून हलकेच दाबायचा, की डाळिंबी सालातून सुळकन बाहेर. जोरात दाबली तर ती उडून ओट्याखाली जायची आणि आत्या म्हणायची, "गेली माहेरी."

नियम एकच होता. अख्ख्या डाळिंब्या गिऱ्हाइकाला, फुटक्या घरात. मला बिरडं आवडायचं म्हणून मी मुद्दाम फोडायची. ते तिला कळायचं. "आज फार फुटल्या गं मितू," एवढंच म्हणायची, आणि नारळाचं दूध काढायला घ्यायची. फोडणीत हिंग आणि बोटांच्या चिमटीत चुरडलेला ओवा. "ओवा नसेल तर वाल पोटात भांडतात," हे तिचं वाक्य. मग आमसूल, गुळाचा खडा. त्या वासाने दुपारची झोप मोडायची.

मराठी आकडे मी तिथेच शिकले. शाळेत सगळं इंग्रजीत, त्यामुळे एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन हे मला कधी कळायचं नाही. आत्याने शंभर डाळिंब्या मोजायला लावल्या, रोज. एकोणसाठपाशी मी अडकले की ती पुढची डाळिंबी हातात धरून थांबायची. सांगायची नाही. थांबायची.

चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीने माझ्या हाताचा वास घेऊन बाक बदलला. भिजलेल्या वालांना वास असतो, खरं आहे. त्या दिवशी मी आत्याला म्हटलं, होमवर्क खूप आहे, आजपासून नाही सोलणार. दुसऱ्या दिवशी पातेल्याशेजारी अर्धं लिंबू ठेवलेलं होतं. "सोलून झालं की बोटांना चोळायचं," ती म्हणाली. मी न सांगितलेली गोष्ट तिला कळायची, तशी सवयच लागली मला. पुढे मी मोठी झाले, आणि न सांगितलेलं सगळंच कळतं असं नाही हे लक्षात यायला मला फार उशीर झाला.

*

मार्चमध्ये पहिल्यांदा रक्त दिसलं. मला वाटलं मूळव्याध असेल, तिखट खाल्लं असेल. एप्रिलमध्ये रोज दिसायला लागलं. दिवसातून सहा वेळा, मग आठ वेळा जायला लागायचं. पोटात पिळा पडला की दोन मिनिटांच्या आत जागा हवी. माझं ऑफिस पवईला. मुलुंडपासून तिथपर्यंतच्या रस्त्यावर कुठल्या मॉलचं, कुठल्या पेट्रोल पंपाचं स्वच्छतागृह उघडं असतं आणि कुठल्याला कडी नसते, हे मला तोंडपाठ होतं. रिक्षात बसले की मी तेवढंच बघायची. ऑफिसात मी "ॲसिडिटी" म्हणून सांगितलं होतं. ॲसिडिटी सगळ्यांनाच असते, त्यामुळे पुढे कुणी काही विचारत नाही.

घरी का सांगितलं नाही, हे मला आजवर खूप जणांनी विचारलं. खरं सांगते. आमच्या घरात त्या गोष्टीसाठी शब्दच वापरात नव्हता. लहान मुलाचा एक शब्द होता, तो सव्विसाव्या वर्षी आईसमोर कसा वापरायचा? "संडास" हा शब्द तर आमच्याकडे नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाशी बोलतानाच यायचा. इंग्रजीत शब्द होता, पण तो रिपोर्टातला. आई ओट्याशी पोळ्या लाटत असताना तिला जाऊन काय म्हणायचं, हे मी अनेकदा मनात जुळवलं. मग ती म्हणायची, "काय गं, काही हवंय का?" आणि मी म्हणायची, "पाणी."

वजन उतरत गेलं. आई खूश होती. "जिम लागू पडली वाटतं," असं शेजारी सांगायची.

हे वाचणाऱ्या कुणाला असं काही होत असेल, तर एवढंच सांगते. ज्या भाषेत जमेल त्या भाषेत सांगा. चिठ्ठी लिहा, मेसेज करा. मी पाच महिने घालवले.

*

श्रावणी सोमवारी आमच्याकडे उपास संध्याकाळी सुटतो, आणि तो वालाच्या बिरड्याने सोडायचा, आत्याच्या घरी. आजोबांपासूनची पद्धत. त्या सोमवारी मी सकाळपासून चहा आणि अर्धी वाटी साबुदाण्याची खिचडी एवढ्यावर होते. अंगात रक्त किती कमी उरलंय हे तेव्हा मला माहीत नव्हतं. साडेसातला पानं मांडली. आत्याने मला नेहमीसारखं दोनदा वाढलं. आई म्हणाली, "ताई, तिला कमी वाढा." आत्या म्हणाली, "खाऊ दे गं. फुटक्या डाळिंब्या तिच्यासाठीच ठेवल्यात."

मी सगळं खाल्लं. चव अजून आठवते. आणि पाऊण तासाने तिच्या बाथरूममध्ये मी पडले.

तिथली कडी जुनी आहे, बाहेरून ढकलली की निघते. आत्या आत आली. फरशीवर जे होतं ते तिने पाहिलं. आई दारात पोचायच्या आधी तिने दोन बादल्या पाणी ओतून सगळं धुऊन टाकलं आणि मला स्वतःच्या साडीत गुंडाळलं. मी लाजेन हे तिला त्या क्षणीही सुचलं.

हॉस्पिटलात पहिल्या डॉक्टरने विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"वाल," आई म्हणाली. "वालाचं बिरडं."

त्याने ते तसंच इंग्रजीत लिहून घेतलं. माझ्या केसपेपरच्या पहिल्या ओळीत आजही "vaal" असा शब्द आहे.

*

निदान झालं तो दिवस गुरुवार. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायला दिलं होतं. खारट, कोमट, संपता संपेना. मी रडले ती फक्त तेव्हा. दुर्बीण घालून तपासणी झाली, आणि दुपारी डॉक्टर आल्या. आखूड पिकलेले केस, बोलणं मोजकं. त्यांनी फोटो दाखवले. माझं आतडं मी पहिल्यांदाच बघत होते. ओलं, लाल, जागोजागी सोललेलं.

"अल्सरेटिव्ह कोलायटिस," त्या म्हणाल्या. "मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण. जन्माची सोबत आहे, पण औषधांनी शांत ठेवता येते. माझे पेशंट नोकऱ्या करतात, लग्नं करतात, भांडतात. सगळं करतात."

"वालांमुळेच ना?" आईने विचारलं.

"नाही हो. एका जेवणाने असं होत नाही."

"पण निमित्त झालं ना," आई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि बाबांना औषधं आणायला, आईला चहा प्यायला पाठवलं. मग पडदा ओढला. "आता सांग. कधीपासून?"

"सिन्स मार्च," मी म्हणाले. इंग्रजीत, अनोळखी बाईला, एका दमात सगळं सांगून टाकलं. इतकं सोपं होतं ते. त्यांनी लिहून घेतलं.

"घरी माहितीये?"

"नाही."

"सांग. माझ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं."

मी हो म्हटलं. सगळे पेशंट म्हणतात तसं. त्यानंतरच आई परत आली आणि माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मी ताईंना म्हटलं होतं, कमी वाढा. ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती." तेव्हा मला कळलं की आईला काहीतरी धरायला हवंय. वाल नसते, तर तिला स्वतःला धरावं लागलं असतं. पाच महिने एकाच घरात, एका टेबलावर, आणि तिला दिसलं नाही. ते मी तिला कसं देणार होते? म्हणून मी वाल तसेच राहू दिले. त्या वालांच्या मागे आत्या उभी आहे, हे तेव्हाही मला कळत होतं.

*

हॉस्पिटलचे दिवस सगळे सारखे. सहाला ब्लडप्रेशर. सातला बेसिनपाशी रांग. आठला मऊ भात, ज्याला तिथे खिचडी म्हणत. वजनकाटा कॉरिडॉरच्या टोकाला होता, आणि सिस्टर आकडा मोठ्याने वाचायच्या. मला फार लाज वाटायची. सफाईच्या मावशींनी ते पाहिलं असावं. तिसऱ्या दिवसापासून मी काट्यावर चढले की त्या बरोबर तेव्हाच बादली आपटायच्या.

बाबा फाइल करत बसायचे. प्रत्येक कागदाला दोन भोकं पाडायची, तारखेप्रमाणे लावायचा. मार्चपासूनचं सगळं त्या फाइलच्या चौथ्या पानावर डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात होतं. ते घरात कुणाला वाचता आलं नाही.

आईचं फोनवरचं बोलणं ऐकलं त्या दिवशी आत्या परत गेली खरी, पण पिशवी सिस्टरच्या टेबलावर ठेवून गेली. आत फ्लास्कमध्ये भाताची पेज होती. आईने फ्लास्क काढून घेतला आणि पिशवी माझ्या उशाशी टाकली. तिच्या तळाशी शिवणीत पाच-सहा सुके वाल अडकलेले होते. आत्या बाजारात ज्या पिशवीतून वाल न्यायची तीच ही पिशवी. मी ते वाल काढून उशीखाली ठेवले. का, ते सांगता येणार नाही. रात्रंदिवस औषधांचा वास असायचा, आणि त्या पिशवीला आत्याच्या स्वयंपाकघराचा वास होता.

शेजारच्या पलंगावर न्यूमोनिया झालेल्या एक म्हाताऱ्या चिनी बाई होत्या. त्यांची सून त्यांच्याजवळ असायची, ग्रेस आंटी. जन्म कोलकात्याचा, घाटकोपरला तीस वर्षं ब्युटी पार्लर. पहिल्याच दिवशी पडद्यातून डोकं आत घालून मला म्हणाल्या होत्या, "बेटा, आयब्रो किसने बिगाडा तेरा?" मी हसले होते. बऱ्याच दिवसांनी.

एका सकाळी चादर बदलताना माझे वाल जमिनीवर सांडले. ग्रेस आंटींनी वाकून एक उचलला, उजेडात धरला.

"अरे, ये तेरे पास कैसे?"

"आत्या का है," मी म्हणाले. "हमारे घर में खाते हैं."

"ये सफेद लकीर देख." त्यांनी वालाच्या काठावरची पांढरी उंचशी रेघ मला दाखवली. "हमारे में बोलते हैं, भौं जैसी है. मैं तो इसलिए पहचान गई." मग सासूकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. म्हातारीने हात पुढे केला, वाल तळव्यावर घेतला, आणि ऑक्सिजनच्या नळीआडून बराच वेळ बोलत राहिली.

"क्या बोल रही हैं?"

"बोल रही है, ये तो पेट की दवाई है. हमारा वाला पूरा सफेद होता है, पर चीज वही. बरसात में पेट भारी हो, पतला हो, भूख न लगे, तो इसकी सास धीमी आँच पे सूखा भूनती थी, पीला होने तक. फिर चावल के साथ घंटों पकाओ, एकदम गल जाए. कच्चा कभी नहीं. कच्चा पेट को मारता है." त्या हसल्या. "बोलती है, बारिश का पानी पेट में बैठ जाता है, ये उसको सुखाता है. मेरी शादी के बाद पहले साल मुझे यही खिलाया. मैं तो पिज़्ज़ा खाके बीमार पड़ी थी."

वाल म्हणजे औषध आहे असं मी इथे सांगत नाहीये. माझा आजार औषधांच्या गोळ्यांनी आटोक्यात आला, आणि माझ्या डॉक्टर अशा प्रयोगांना साफ नाही म्हणतात. पण त्या सकाळी मला फार बरं वाटलं. एका अनोळखी म्हातारीच्या सासूने कुठल्याशा स्वयंपाकघरात हाच वाल भाजला होता, आणि त्या घरात त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. ती वाल मंद आचेवर भाजायची, आत्या चिमटीत ओवा चुरडायची. दोघींनाही माहीत होतं की त्याची समजूत काढावी लागते.

आई पलीकडे औषधाच्या पट्ट्या लावत सगळं ऐकत होती. ग्रेस आंटी गेल्यावर म्हणाली, "त्यांचं ते त्यांच्याकडे. आपल्याकडे वाल वातूळच."

तेव्हाही मी बोलू शकले असते. आंटींनी दार उघडून दिलंच होतं. मी उरलेले वाल पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले.

*

घरी आल्यावरचे महिने हॉस्पिटलपेक्षा कठीण गेले. स्टेरॉइडने तोंड सुजलं, आरशात कुणीतरी वेगळीच बाई. आईने एक यादी करून फ्रिजवर लावली, काय खायचं नाही त्याची. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, यादीत एकवीस होत्या. पहिल्या ओळीत वाल. मी चिडायची, ती रडायची, बाबा बाल्कनीत जाऊन झाडांना दुसऱ्यांदा पाणी घालायचे. ऑफिसने घरून काम करू दिलं, हे मोठं नशीब.

आत्या आली नाही. एकदाही नाही. रोज संध्याकाळी बाबा तिच्याकडे जायचे आणि पेजेचा फ्लास्क घेऊन यायचे. रिकामा फ्लास्क दुसऱ्या दिवशी परत. मी फोन केला की म्हणायची, "बरी आहेस ना? गोळ्या घेतल्यास? मग ठेवते हं, दूध उतू जातंय." आत्याकडे त्या वर्षी फार दूध उतू गेलं.

"बोलाव ना तिला," मी आईला म्हटलं.

"मी कुठे नको म्हटलंय?" आई म्हणाली. "त्यांनाच अवघड वाटत असेल. वाटणारच."

होळीनंतर मला बाजारापर्यंत चालत जायची परवानगी मिळाली. त्या दुकानापाशी मी थांबले. पापडांच्या वर जिथे आत्याची पाकिटं टांगलेली असायची, तिथे आता कुरड्या होत्या.

"कुमुदताईंचे वाल?" मी विचारलं.

"बंद केले त्यांनी," दुकानदार काका म्हणाले. त्यांनी मला ओळखलं नाही, तोंड अजून सुजलेलं होतं. "गेल्या श्रावणापासूनच. मी म्हटलं, अहो लोक विचारतात, सोडू नका. तर म्हणाल्या, माझ्या हाताला आता यश राहिलं नाही. गावाहून पोतं यायचं तेही यंदा नको म्हणून कळवलं." त्यांनी कुरड्यांचं पाकीट सरळ केलं. "एवढ्या वर्षांची गिऱ्हाइकं तुटली हो. काय झालं कुणास ठाऊक."

मी घरी आले आणि चपला न काढताच दारात बसले. आईला वाटलं चालण्याने. तिने मला लिंबू-सरबत दिलं. मी पिळलेल्या लिंबाची फोड घेऊन बराच वेळ बोटांना चोळत बसले.

त्या दिवशीही बोलले नाही. हेही लिहायला हवं.

*

जुलैमध्ये पुन्हा दुर्बीण झाली. फोटोतलं आतडं गुलाबी होतं. डॉक्टर म्हणाल्या, "आता हळूहळू सगळं खाऊन बघ. जे मानवेल ते तुझं." आईने फ्रिजवरची यादी काढली, पण घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली.

आणि श्रावण आला. पहिल्या सोमवारी बाबा आईला म्हणाले, "ताईकडे जायचं. या वर्षी मोडायचं नाही." बाबा असं ठामपणे वर्षातून एकदाच बोलतात, त्यामुळे आईने साडी बदलली.

आत्या दार उघडून बाजूला झाली. वर्षभरात बारीक झाली होती. माझ्या अजून जराशा सुजलेल्या गालाकडे तिने पाहिलं आणि हात वर नेला, पण लावला नाही. "ये," म्हणाली. घर तसंच होतं. ओट्याखाली वालांचं मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं, त्यावर जुन्या पेपरांची रद्दी.

मी सगळं पाठ करून गेले होते. आधी पर्समधून वाल काढायचे, मग ग्रेस आंटींची गोष्ट, सासूची गोष्ट, भुवईसारखी रेघ. त्यावर सगळे हसतील. मग हळूच मुद्द्यावर यायचं.

पानं मांडली. आत्या वाढायला आली. मुगाचं बिरडं होतं. सगळ्यांना वाढून ती माझ्यापाशी आली, आणि जी मला एकदा वाढून कधी थांबली नव्हती, तिने पळीच्या टोकावर येईल एवढंच माझ्या ताटात ठेवलं. चार-पाच मूग. आणि चटकन पुढे गेली.

"बरं केलंत ताई, यंदा मूग केलेत ते," आई म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली. "गेल्या वर्षीचं आठवलं तरी अंगावर काटा येतो."

"हो गं सुनीता," आत्या म्हणाली. "माझ्या हातून परत नको बाई. वाल कायमचे बंद."

ती पळी हातात धरून उभी होती. पूर्वी एकोणसाठपाशी मी अडकले की डाळिंबी धरून थांबायची, तशीच दिसत होती. आता ती कशाचीच वाट बघत नव्हती, एवढाच फरक.

मी आईकडे पाहिलं. तिचा घास हातात होता. आता मी जे बोलेन ते तिला लागणार होतं, आणि ते पुढे कित्येक दिवस तिच्याजवळ राहणार होतं. पर्स बाहेरच्या खोलीत राहिली होती. पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. मी ताटावरून हात काढला आणि जे शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही तेच वापरले.

"आई, आत्या, ऐका. त्या सोमवारच्या आधी पाच महिने माझ्या संडासातून रक्त जात होतं. मार्चपासून. रोज. आई, मी तुझ्यापासून लपवलं, म्हणून तुला दिसलं नाही. वालांचा काही दोष नव्हता. आत्या, तुझाही नव्हता. पुढच्या सोमवारी वाल भिजव. सोलायला मी येते."